तळं, एक नग

सरकारी नोकरी लागण्याआधी आपल्याला एक तळं ताब्यात घ्यावं लागणार आहे, हे अक्षरा मोहितेला तीस सप्टेंबरच्या सकाळी सव्वाअकरा वाजता कळलं.

तोवर सगळं सुरळीत होतं. म्हणजे भीती वाटत होती, पण ती रोजच्या वापरातली. चार वर्षं तिनं परीक्षा दिल्या होत्या. एकदा अर्ध्या मार्कानं गेली, एकदा निकालच रद्द झाला, एकदा परीक्षा केंद्र सापडलं तेव्हा पेपर संपत आला होता. जुलैमध्ये तिला तीस वर्षं पूर्ण झाली आणि वयाच्या अटीनं तिच्यासाठी दार लावून घेतलं. पण लावता लावता फटीतून एक निवडपत्र आत सरकलं: जलमापन महामंडळ, केंद्र सरकारचा उपक्रम, सहायक मापन अधिकारी. बेंगळुरातल्या बेळ्ळंदूरच्या कंपनीतली नोकरी तिनं सोडली, ओळखपत्र जमा केलं, सहकाऱ्यांनी केक कापला. आता मागे जायला रस्ता नव्हता. पुढे जायला साडेपाचपर्यंत वेळ होता. 'तीस सप्टेंबर रोजी कार्यालयीन वेळेत रुजू न झाल्यास निवड आपोआप रद्द समजली जाईल,' असं पत्रात होतं. शेवटचा दिवस उजाडायचं कारण म्हणजे वैद्यकीय तपासणीत तिची उंची चुकून एकशे सहासष्टऐवजी एकशे सोळा लिहिली गेली होती, आणि ती परत वाढवायला सतरा दिवस लागले.

तिचे वडील उमाजीराव बावीस वर्षं बोम्मसंद्र्याच्या एका कारखान्यात होते. एका सकाळी ते डबा घेऊन गेले तर फाटकाला कुलूप. ते समोरच्या बसस्टॉपवर बसून राहिले, जेवायच्या वेळेला जेवले, शिफ्ट संपल्यावर घरी आले, आणि असं तीन आठवडे केल्यावर मग बायकोला सांगितलं. तेव्हापासून के. आर. पुरमच्या त्या घरात 'परमनंट' हा शब्द चपला काढून उच्चारायचा असतो.

तर सव्वाअकरा वाजता अक्षरा महामंडळाच्या तिसऱ्या मजल्यावरच्या कचेरीत बसली होती आणि तिच्यापुढे कार्यभाराची यादी होती. इथला प्रघात असा, की जाणाऱ्यानं आपल्याकडच्या सगळ्या वस्तू येणाऱ्याच्या हवाली करायच्या, दोघांनी यादीवर सह्या करायच्या, आणि मगच येणारा रुजू झाला असं धरायचं. जाणारे होते देवाप्पा. निपाणीकडचे, त्यामुळे मराठी घरातलंच. आज साडेपाचला ते निवृत्त होणार होते. त्यांच्या टेबलावर प्लॅस्टिकच्या पिशवीत एक हार घाम येऊन पडला होता.

"खुर्च्या तीन," देवाप्पा म्हणाले. "एकीवर तू बसलीयस. कपाट एक, किल्ली नाही, पण उघडत पण नाही, म्हणजे सुरक्षित आहे. टेबल फॅन, नादुरुस्त. कर टिक."

"सर, हे सतरा नंबरचं…"

"पायपुसणं. ते धुवायला दिलंय."

"पायपुसणं अठरावर आहे. सतरावर तळं आहे."

"हां. तळं."

अक्षरानं पुन्हा वाचलं. 'नविलुकेरे तळं, एक नग, सुस्थितीत.'

"म्हणजे तळ्याचा नकाशा का, सर? फाइल?"

"नकाशा बावीसवर आहे. तो सापडत नाही. तळं म्हणजे तळं, मा." बेंगळुरात मुलीच्या वयाच्या कोणालाही 'मा' म्हणतात.

"कुठाय ते?"

देवाप्पांनी चष्मा काढला, पुसला, आणि डोळ्यांवर न लावता खिशात ठेवला. काही गोष्टी स्पष्ट न दिसलेल्याच बऱ्या, अशा बेतानं. "सही कर, मा. मी पण केली होती, दोन हजार नऊला. माझ्याआधी हरीनं केली. त्याच्याआधी जो कोण होता त्यानं केली."

"हरी सर आता कुठे असतात?"

हा प्रश्न तिनं नुसता बोलायचं म्हणून विचारला होता. पण देवाप्पांनी चहा मागवला, आणि चहा मागवून सांगण्यासारखं जे असतं ते कधी चांगलं नसतं. हरीच्या यादीत एक टाइपरायटर होता. प्रत्यक्षात नव्हता. हरीनं सही केली. निवृत्त होताना तो देता येईना. अकरा वर्षं पेन्शन अडकलं. दर सहा महिन्यांनी खुलासा मागणारं पत्र यायचं, हरी खुलासा करायचा, खुलाशाचा खुलासा मागायचे. मग हरी गेला.

"अरेरे," अक्षरा म्हणाली.

"पत्रं येतात अजून. बायकोनं मृत्यूचा दाखला पाठवला. तर त्यांनी विचारलं, जाण्यापूर्वी टाइपरायटर कोणाच्या ताब्यात दिला."

अक्षराचं बोट सतरा नंबरवर गेलं. टाइपरायटर साधारण बारा किलोचा असतो. तळ्याचं वजन तिला अंदाजानंही काढता येईना.

ती जिन्यात गेली आणि तिनं वडिलांना फोन लावला.

"अण्णा, ते तळं घ्यायला सांगताहेत."

"घे की."

"नाहीये ते. बहुतेक."

"मग सही करू नको, मा." थोडं थांबून, "न करून कसं चालेल? कर." आणखी थांबून, "स्वल्प थांब, देवापुढं दिवा लावून येतो."

ती थांबली. जिन्याच्या भिंतीवर 'दक्षता ही सर्वांची जबाबदारी' असा फलक होता, आणि तो एका खिळ्यावर लटकत होता.

"लावला," उमाजीराव म्हणाले.

"काय म्हणाला देव?"

"काही म्हणाला नाही. तो पण घाबरलाय वाटतं."

परत आली तेव्हा उपव्यवस्थापक बिंदुमाधव परचुरे देवाप्पांच्या टेबलाशी उभे होते. पुण्याचे. बेंगळुरात येऊन सहा वर्षं झाली होती आणि 'स्वल्प' या एका कन्नड शब्दावर त्यांनी ती काढली होती.

"मॅडम, काय इश्यू आहे? बेसिकली ही फॉर्मॅलिटी आहे."

"सर, खाली छापलंय ना, 'वरील सर्व वस्तू मी प्रत्यक्ष पाहून व मोजून ताब्यात घेतल्या.' मी तळं पाहिलं नाही. मग शेऱ्याच्या रकान्यात तसं लिहू का?"

खोलीतला पंखा नादुरुस्त होता, तरी तो आत्ताच थांबला असं वाटलं.

"त्या रकान्यात कोणी लिहीत नाही," परचुरे हळू आवाजात म्हणाले.

"का, सर?"

"शेरा आला की फाइल दिल्लीला जाते."

"मग?"

"मग ती परत येते," परचुरे म्हणाले, आणि त्यांनी नकळत दाराकडे पाहिलं.

अक्षराला रडू येत होतं. पण चार वर्षं सूचना वाचून पेपर सोडवलेल्या मुलीची खोड सहजासहजी जात नाही. छापलेलं वाक्य खरं असलं पाहिजे असं तिला वाटायचं. ही समजूत तिच्या डोक्यातून काढायला घरी कोणी नव्हतं, कारण घरच्या सगळ्यांचीच तशी समजूत होती.

"मग मला तळं दाखवा," ती म्हणाली. "पाहते, मोजते, सही करते."

चौतीस वर्षांच्या नोकरीत हे वाक्य देवाप्पांनी पहिल्यांदा ऐकलं. ते उठले. छत्री घेतली, दोन मीटरची घडीची मापनपट्टी घेतली. परचुरे म्हणाले, "साडेपाच, मॅडम. पाच एकतीसला मी तुम्हाला ओळखत नाही."

बाहेर जायची परवानगी नोंदवून निघेपर्यंत अडीच झाले. आउटर रिंग रोडवर रिक्षा बहुतेक वेळ एका पाण्याच्या टँकरच्या मागे उभी होती. बेळ्ळंदूरच्या अलीकडे देवाप्पांनी रिक्षावाल्याला डावीकडे वळवलं आणि एका प्रचंड फाटकापुढे थांबवलं. आत चार टॉवर, एकेक बावीस मजल्यांचा. फाटकावर सोनेरी अक्षरांत लिहिलं होतं: नविलु लेक रेसिडेन्सी.

वॉचमननं टॅब्लेट पुढे केला. "कोणाकडे जायचंय?"

"तळ्याकडे," अक्षरा म्हणाली.

"कुठला टॉवर?"

अक्षरानं चारही टॉवरांकडे पाहिलं. मग देवाप्पांनी स्वतःचा फोन काढला, त्यावर काहीतरी दाबलं, आणि वॉचमनच्या हातातला टॅब्लेट टिंग वाजला. वॉचमननं सलाम ठोकला. "सी, नऊशे चार. आज लवकर आलात, सर."

अक्षरा दोन पावलं मागे सरकली. सकाळपासून तिला तळ्याची भीती वाटत होती. दिल्लीची वाटत होती, साडेपाचची वाटत होती. या माणसाची वाटली नव्हती.

"तुम्ही इथे राहता?"

"सात वर्षं झाली."

"तळ्यावर?"

"नवव्या मजल्यावर. तळ्याच्या बऱ्याच वर."

"सर, मी आता कोणाला तरी फोन करते."

"तुला वाटतंय तसं नाही, मा." देवाप्पा भर फाटकात उभे राहून बोलत होते आणि मागे एक गाडी हॉर्न वाजवत होती. "बायकोला ही जागा पसंत पडली. म्हणाली, ब्रोशरमध्ये तळं आहे. आता मी तिला कसं सांगू, की ते माझ्याकडं आहे म्हणून?"

"पण तुम्ही सही केली तेव्हा होतं ना?"

"भिंत होती. हरी म्हणाला, तळं भिंतीच्या पलीकडे आहे. मी भिंत पाहिली. भिंत सुस्थितीत होती." ते चालायला लागले. "परत एकदा आलो, तर भिंतीच्या जागी खड्डा. म्हटलं, तळ्याचा असेल. तिसऱ्यांदा आलो, तर खड्ड्यात खांब. तेव्हा मी पण घाबरलो, मा. घाबरलेला माणूस काय करतो? पुढच्या महिन्यात पगार होतो, तो घेतो."

अक्षरानं घड्याळ पाहिलं. तीन चाळीस. म्हणजे तळं नाही. सही केली की उद्यापासून हे चार टॉवर तिच्या नावावर. नाही केली, तर ती तीस वर्षांची, बिननोकरीची, आणि जी परीक्षा पुन्हा देता येत नाही ती पास झालेली.

"चला, सर. पाहून झालं. नाहीये."

देवाप्पा जागचे हलले नाहीत. "आहे," ते म्हणाले. "खाली."

सी टॉवरची लिफ्ट पहिल्या तळघरापर्यंतच जात होती. दुसऱ्याच्या बटणावर चिकटपट्टी होती. जिन्याच्या दारावर पाटी होती, 'पार्किंग तात्पुरतं बंद'. पाटीवर शेवाळ आलं होतं. देवाप्पांनी दार ढकललं आणि आतून एक वास आला. तो गटाराचा नव्हता. चिखल, पाणवनस्पती आणि कुजलेल्या पानांचा तो जुना, गार वास शहरात कुठल्याच दारामागे नसतो.

अकराव्या पायरीला पाणी लागलं.

अक्षरानं फोनचा दिवा लावला. पाणी काळं होतं आणि पार पलीकडच्या भिंतीपर्यंत गेलं होतं. खांबांच्या रांगा त्यात उभ्या होत्या. कुठेतरी पंप घरघरत होता, आणि त्याच्यापेक्षा मोठ्यानं बेडूक ओरडत होते. एक पांढरी गाडी, सोडून दिलेली, चाकं बुडून उभी होती. तिच्या टपावर एक पाणकोंबडी बसली होती. तिनं दिव्याकडे पाहिलं आणि, रहिवासी नसलेल्या माणसाकडे पाहावं तशी, नापसंतीनं मान फिरवली.

"ही आत आली कशी?" अक्षरा कुजबुजली.

"रॅम्पवरून. गाड्या येतात तशी." देवाप्पा दहाव्या पायरीवर होते. तिथून ते खाली येईनात. "पंप लावतात. दिवसभर उपसतात. सकाळी परत तेवढंच. खालून येतं. नवव्या मजल्यापर्यंत आवाज येतो बेडकांचा. बायको खिडक्या लावून घेते. मी लावत नाही."

"तुम्ही याच्याआधी इथे आला होता?"

"दारापर्यंत."

"सर, पट्टी द्या."

तिनं चपला हातात घेतल्या आणि पाण्यात पाय टाकला. ते अपेक्षेपेक्षा गार होतं. तळ गुळगुळीत काँक्रीटचा असेल असं तिला वाटलं होतं, पण बोटांमध्ये चिखल आला, मऊ, खूप दिवस साठलेला. चार पावलं गेल्यावर पोटरीला काहीतरी लागून गेलं. ती जागच्या जागी थिजली. ओरडावंसं वाटलं, पण ओरडलं तर जे काही आहे त्याला आपण कुठे आहोत ते कळेल. मासा होता. बोटाएवढा. त्याच्यामागे आणखी पाच-सहा. ते तिच्या पायांभोवती फिरून गेले, आणि त्या क्षणी तिला जेवढी भीती वाटली तेवढी दिल्लीचं नाव ऐकूनही वाटली नव्हती. कारण न सापडलेली वस्तू नाकारता येते. ही सापडली होती. चार टॉवर डोक्यावर घेऊन हे इथे अंधारात पडून होतं, आणि जिवंत होतं, आणि यादीप्रमाणे ते द्यायला एक माणूस दहाव्या पायरीवर उभा होता.

तिनं पट्टी उभी धरली. चाळीस सेंटिमीटर.

परतीच्या वाटेवर टँकर बहुधा तोच होता. पाच वाजून चौदा मिनिटांनी ते कचेरीत शिरले, तेव्हा निरोप समारंभाची तयारी झाली होती. म्हणजे दोन शिपाई, एक टायपिस्ट आणि समोशांचं खोकं. अक्षरा उभ्याउभ्याच यादीवर वाकली आणि सतरा क्रमांकाच्या पुढे, त्या कोऱ्या रकान्यात, लिहू लागली.

'तळं प्रत्यक्ष पाहिलं. ठिकाण: नविलु लेक रेसिडेन्सी, सी टॉवर, दुसरं तळघर. खोली चाळीस सेंटिमीटर. मासे आहेत.'

परचुरेंनी ते वाचलं आणि हातातला समोसा खोक्यात परत ठेवला.

"मॅडम, हे खोडा."

"पेननं लिहिलंय, सर."

"मग नवी यादी छापू."

"छापा. मी परत हेच लिहीन."

"मग मी तुमचं जॉइनिंग ॲक्सेप्ट करत नाही."

अक्षराचे पाय पोटरीपर्यंत चिखलानं माखले होते. टेबलाच्या आड असल्यामुळे ते कोणाला दिसत नव्हते, हा त्या टेबलाचा तिला झालेला पहिला उपयोग. "चालेल, सर. फक्त तसं लिहून द्या. कारणासकट."

परचुरेंनी पेन उघडलं. कोरा कागद घेतला. 'सदर उमेदवारास रुजू करून घेता येत नाही, कारण' इथपर्यंत ते झरझर आले आणि तिथे थांबले. कारणाच्या जागी त्यांनी मनात जे जे घालून पाहिलं असेल, त्या सगळ्यात तळं होतं. पाच एकवीस झाले. कपाळावरचा घाम त्यांनी रुमालानं टिपला. पाच चोवीसला त्यांनी तो कागद चौपदरी घडी करून खिशात घातला, इतक्या काळजीनं की तो घरी नेऊन जाळणार हे सगळ्यांना कळलं.

"देवाप्पा, तुम्ही काय म्हणता?" ते म्हणाले. "या शेऱ्याखाली तुमची सही लागणार. पेन्शनचा विचार करा."

देवाप्पांनी खिशातून चष्मा काढला आणि लावला. शेरा नीट वाचला. दोनदा. "सही नाही केली, तर ते माझ्याकडंच राहणार," ते म्हणाले, "आणि मला साठ पूर्ण झालीत." त्यांनी सही केली. करताना त्यांचा श्वास ऐकू येत होता. मग परचुरेंनी केली, अगदी बारीक, शक्यतो दिसू नये अशी. पाच सत्तावीसला अक्षरा मोहिते भारत सरकारच्या उपक्रमात रुजू झाली. टायपिस्टनं टाळ्या वाजवल्या, आणि बाकीच्यांना वाटलं त्या देवाप्पांसाठी आहेत, म्हणून त्यांनीही वाजवल्या.

हार गळ्यात पडल्यावर देवाप्पा तिच्याजवळ आले.

"एक राहिलं, मा. महिनाअखेर आहे. पाण्याची पातळी भरायची असते, साडेपाचच्या आत. मी सकाळीच भरणार होतो. पण आता चार्ज तुझ्याकडं."

त्यांनी कॉम्प्युटरचा पडदा तिच्याकडे वळवला. नविलुकेरे, मासिक पातळी, मीटरमध्ये. ऑगस्ट, ४.२. जुलै, ४.२. अक्षरानं मागे मागे जाऊन पाहिलं. ज्या वर्षी बेंगळुरात पाऊस पडला नव्हता त्या वर्षी ४.२. ज्या वर्षी रस्त्यांवर होड्या आल्या त्या वर्षी ४.२. हरीच्या काळातली नोंद कोणीतरी नंतर चढवली होती, तीही ४.२. हरी गेला त्या महिन्यातही तळं थेंबभर हललं नव्हतं.

मग तिला कळलं, आणि कळलं तेव्हा कानांत बेडूक ओरडल्यासारखं झालं. कागदावर तळं कालपर्यंत शाबूत होतं. ते नाहीसं व्हायचं होतं आत्ता, तिच्या ताब्यात आल्यापासूनच्या पहिल्या दोन मिनिटांत.

तिनं वळून पाहिलं. देवाप्पा दारात होते, समोशाचा पुडा हातात घेऊन. ते थांबले, पण मागे आले नाहीत. परचुरे खिडकीतून बाहेर पाहत होते. बाहेर पाहण्यासारखं काही नव्हतं, समोरच्या इमारतीची भिंत होती.

"मॅडम," ते न वळता म्हणाले, "चार पॉइंट दोन लिहिलं तरी कोणी काही विचारणार नाही. विचार करा. दोन मिनिटं आहेत."

अक्षरानं विचार केला. साधारण एक मिनिटभर. पोटरीवरचा चिखल वाळून कातडी ओढत होता. मग तिनं ०.४ टाइप केलं आणि कळ दाबली.

पडदा क्षणभर पांढरा झाला. नंतर लाल अक्षरं आली: 'घट नव्वद टक्क्यांहून अधिक. घट झाली त्या वेळी तळं ज्यांच्या ताब्यात होतं, त्या अधिकाऱ्याचं पूर्ण नाव भरा.' खाली एक रिकामी चौकट होती आणि तिच्यात रेघ लुकलुकत होती. ती भरल्याशिवाय पुढे जाता येत नव्हतं. मागे जायचं बटण त्या पानावर दिलेलं नव्हतं.

पाच एकोणतीसला तिनं आपलं नाव लिहायला घेतलं. सावकाश, एकेक अक्षर तपासत. हुद्द्यासकट ते ती पहिल्यांदाच लिहीत होती.